शेरा मीच लिहिला होता

आमच्या प्रशिक्षण केंद्राची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यासाठी माझ्याकडून पानभर आठवणी हव्या आहेत. केंद्रप्रमुख स्वतः घरी येऊन सांगून गेले. ते शाळेत माझ्या हाताखाली शिकले, त्यामुळे माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसतात. म्हणाले, सर, हलकंफुलकं लिहा, मुलांचं इंग्रजी, वर्गातल्या गमतीजमती. गमतीजमती पुष्कळ आहेत. त्यातल्या एका गमतीवर मी भर वर्गात डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो. तीच लिहिणार आहे. छापायची की नाही ते त्यांनी ठरवावं. लिहायची की नाही ते मी ठरवलं आहे. माझं वय शहात्तर आहे आणि आता कोणाची मर्जी सांभाळावी असं काही उरलेलं नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी हे केंद्र निघालं आणि मला इंग्रजी शिकवायला बोलावलं. तीन महिन्यांचा कोर्स. हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करण्यासाठी मुलंमुली तयार करायची. नागपूर-हैदराबादची हॉटेलं मुलाखती घेऊन त्यातली काही नेत. शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं ते कवितांचं आणि व्याकरणाचं. हॉटेलात म्हणाल तर मी तोवर दोनदाच राहिलो होतो आणि दोन्ही वेळा खोली जावयाने ठरवली होती. मी स्वतः कधी खोली बुक केली नव्हती. हे मी कोणाला सांगितलं नाही. पुस्तिकेत संवाद छापलेले होते, तेवढ्यावर निभावलं.

वर्गात आम्ही हॉटेल उभं केलं होतं. दोन बाकं एकमेकांना जोडून त्यावर जुना पडदा टाकला की झालं काउंटर. त्यावर एक टेबलघंटी. किल्ली माझ्या घरच्या कपाटाची होती, तिला पुठ्ठ्याचा बिल्ला बांधून त्यावर १०७ लिहिलं होतं. एकाने काखेत बॅग मारून दारातून यायचं, घंटी वाजवायची आणि म्हणायचं, "आय वुड लाइक टु बुक अ रूम." काउंटरमागच्याने हसून म्हणायचं, "गुड मॉर्निंग सर, हाउ मे आय हेल्प यू?" मग किती रात्री, किती माणसं, पंखा की एसी, नाश्ता धरून की वेगळा. शेवटी किल्ली द्यायची. मुलांना हा खेळ आवडायचा. पाहुणा झालेला पोरगा उगाचच गॉगल लावून यायचा आणि खोलीत झुरळं आहेत अशी तक्रार करायचा.

पाहुणा कोण आणि काउंटरमागे कोण, हे मी ठरवायचो. वर्गाकडे एक नजर टाकायची आणि बोट दाखवायचं, "तू ये आत, तू उभी राहा मागे." त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तेव्हा मला वाटत नव्हतं.

आज ती सगळी तोंडं डोळ्यांसमोर आणतो. बॅग घेऊन दारातून येणारे कोण? तहसीलमधल्या कारकुनाचा मुलगा. मास्तरांची पोरगी. औषधाच्या दुकानवाल्याचा पुतण्या. म्हणजे माझ्यासारख्यांच्या घरातले. आणि काउंटरमागे? तांड्यावरून येणारा, कोलामांच्या पोडावरून येणारी, वस्तीतली. तीन महिने, दर बॅच. मी जात पाहून कधी कोणाला वागवलं नाही, असं मी चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगत आलो. आता सांगत नाही. जात मी विचारली नव्हती हे खरं. विचारायची गरजच पडली नाही, माझं बोट आपोआप बरोबर तिकडे जायचं.

एका बॅचला एक मुलगी होती. पांढरकवड्यापासून आत असलेल्या एका गावच्या बौद्ध वस्तीतली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई दुसऱ्यांच्या वावरात. मुलगी सडसडीत, सावळी, आवाज स्वच्छ. पहिल्याच आठवड्यात तिने काउंटरमागची सगळी वाक्यं पाठ केली आणि नंतर ती नुसती पाठ राहिली नाहीत, तिची झाली. पाहुणा अडखळला तर ती हळूच सावरून घ्यायची. "टेक युवर टाइम, सर," असं एकदा तिने स्वतःच्या मनाने म्हटलं, ते पुस्तिकेत नव्हतं. मी तिला शाबासकी दिली आणि काउंटरमागे कायम केलं. ती माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होती. किल्ली तिने किती जणांना दिली असेल! तिला मात्र ती किल्ली कोणी दिली नाही. मला ते कधी सुचलं नाही.

हैदराबादच्या एका हॉटेलने मुलाखतीला तिघांना बोलावलं. दोन मुलं आणि ती. मुलाखत सकाळी दहाची, म्हणजे आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करणं आलं. दोघं मुलं एकाच खोलीत राहणार होती. हिच्या घरी वडिलांनी अट घातली होती की आई बरोबर जाईल, आणि जागा पक्की झाल्याशिवाय दोघींनी गाव सोडायचं नाही. अनोळखी शहरात बाईमाणसांनी दारोदार खोली विचारत फिरायचं नाही. बापाचं त्यात काहीच चुकत नव्हतं.

मला कल्पना सुचली की हीच शेवटची परीक्षा घेऊ. तिघांनी वर्गासमोर खरोखरच्या लॉजला फोन लावायचा, स्पीकरवर, आणि इंग्रजीतच खोली ठरवायची. हिंदीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही, असा माझा दम. मुलांपैकी एकाने फोन केला. त्याला सवय होती, त्याने ठरवली. मग ती उठली. नंबर लावला. पलीकडून एका माणसाने जाड आवाजात, "हॅलो, यस?" म्हटलं.

ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग सर, हाउ मे आय हेल्प यू?"

पलीकडचा गोंधळला. "व्हॉट? हू आर यू?" ती घाबरली आणि पुढचं वाक्य आलं, तेही काउंटरमागचंच: "फॉर हाउ मेनी नाइट्स, सर?" पलीकडून हिंदीत एक कचकचीत शब्द आला आणि फोन बंद झाला.

वर्ग हसून लोळला. मीही हसलो. चष्मा काढून डोळे पुसले. कोणीतरी म्हणालं, "मॅडमनं लॉजवाल्यालेच रूम देऊन टाकली सर." त्यावर मी पुन्हा हसलो. ती फोन हातात धरून उभी होती. तिला दुसरा नंबर लावू द्यायला हवा होता. मी म्हणालो, "राहू दे, बस खाली. तुझ्या खोलीचं मी बघतो. संध्याकाळपर्यंत फोन करून पक्की करतो."

ती बसली. वर्ग सुटल्यावर दाराशी थांबून तिने एकदाच विचारलं, "सर, नक्की ना? बाबा विचारतीन."

"नक्की," मी म्हणालो.

मी फोन केला नाही. कारण काही मोठं नव्हतं. त्या संध्याकाळी यवतमाळला पुतणीचा साखरपुडा होता. दुपारीच निघालो, पाहुण्यांत रमलो, विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला तेव्हा मी व्याह्यांच्या शेजारी नाश्त्याला बसलो होतो. नंबर पाहिला, आठवलं, आणि नंतर करू म्हणून कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. नंतर केला का? नाही. एवढ्या उशिरा काय सांगायचं याची लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस अजून उशीर करतो. निदान मी केला.

तिघांना त्याच दुपारी निघायचं होतं. खोली नाही, म्हणून वडिलांनी जाऊ दिलं नाही. मुलाखतीच्या दिवशी, मुक्काम न करता परतायचं या बोलीवर, पहाटेची पहिली गाडी धरून मायलेकी आदिलाबादमार्गे निघाल्या. पोचेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला होता. मुलाखती आटोपल्या होत्या. दारावरच्या माणसाने आतही सोडलं नाही. दोघं मुलं निवडली गेली.

तेव्हाच्या केंद्रप्रमुखांनी विचारलं, ही का नाही गेली? तेव्हाचे म्हणजे दुसरे, ते बदलून गेले. प्रत्येक उमेदवाराची नोंद ठेवायची पद्धत होती, रजिस्टरमध्ये शेवटच्या रकान्यात शिक्षकाचा शेरा. मी पेन काढलं आणि लिहिलं: "स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मुलाखतीस वेळेवर उपस्थित राहू शकली नाही. जबाबदारीची जाणीव कमी." खाली सही केली. माझं अक्षर सुरेख आहे, सगळे म्हणतात. त्या शेऱ्यातही ते सुरेख आहे.

त्यानंतर ती केंद्रात आली ती फक्त प्रमाणपत्र न्यायला. माझ्याकडे पाहून नमस्कार केला. सही करून प्रमाणपत्र घेतलं आणि गेली. तिने कोणालाच काही सांगितलं नाही हे मला हळूहळू कळत गेलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवतो. मला सुटल्यासारखं वाटलं.

मधे बरीच वर्षं गेली. मी केंद्रात जाणं थांबवलं. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा होता, पेन्शनवाल्यांना दरवर्षी द्यावा लागतो. बँकेतली गर्दी पाहून कोणीतरी सांगितलं, स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथली बाई पाच मिनिटांत करून देते. गेलो. बाई म्हणजे ती होती.

तिने मला लगेच ओळखलं. स्टूल पुढे सरकवलं, यंत्रावर माझा अंगठा ठेवायला लावला. म्हाताऱ्या बोटांच्या रेषा पुसल्या जातात, तीन वेळा नाही उमटला. "घाई नाही सर, टेक युवर टाइम," ती म्हणाली. तिने मुद्दाम म्हटलं की सवयीने, मी विचारलं नाही.

अंगठा पुसून कोरडा करत बसलो होतो तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला वडिलांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला दवाखान्याजवळ दोन दिवसांची खोली हवी होती. तिने फोन उचलला आणि इंग्रजीत बोलली. पाहुण्याच्या बाजूने. खालच्या मजल्यावर हवी, जिना चढता येत नाही, पेशंटला कमोड लागेल, सकाळी सहाला चहा मिळेल का, आणि बुकिंगचा मेसेज आत्ता पाठवा, मी फोन धरून थांबते. पलीकडचा अजिबात आढेवेढे न घेता हो-हो करत होता.

गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणालो, छान बोलतेस.

"आता येते," ती म्हणाली. "तवा येत नव्हतं. तुमी मले कधी पाहुणी केलंच नाई ना सर. तीन महिन्यांत एकदा बी नाई."

मग मी त्या फोनबद्दल बोलायला सुरुवात केली, साखरपुडा, यवतमाळ वगैरे. तिने मध्येच थांबवलं.

"ते राहू द्या. विसरतेत माणसं. पन शेरा काहून लिवला तसा?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, एका शब्दाचं. भीती. तो शब्द मी उच्चारला. तिने मान हलवली, जणू फॉर्ममधला एखादा रकाना भरला गेला.

मग तिने कामाचं सांगितलं. केंद्राला इंग्रजी बोलणं शिकवणारी व्यक्ती हवी आहे, तिने अर्ज केला आहे. याच केंद्राचा जुना विद्यार्थी असेल तर जुनं रजिस्टर काढून पाहतात. आधी एकदा साध्या मदतनिसाच्या जागेसाठी अर्ज केला होता तेव्हाही काढलं होतं, आणि टेबलापलीकडच्या साहेबांनी तो शेरा तिलाच वाचून दाखवला होता. मोठ्याने. या वेळी छाननी पंधरा दिवसांवर होती. ती रडली नाही, हात जोडले नाहीत. "मले माफी-बिफी नको," ती म्हणाली. "तेवढं वाक्य खोटं आहे असं लिवून द्या."

मी घरी येऊन पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी दाखवायला नेलं. "सदर उमेदवाराबाबत गैरसमजातून प्रतिकूल शेरा नोंदविला गेला असून तो विचारात घेण्यात येऊ नये." तिने वाचलं आणि परत केलं.

"कोनाचा गैरसमज सर? माहा?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

"अन् नोंदवला कोनं? याच्यात मानूसच नाई. भूत आलं अन् लिवून गेलं असं वाटते."

दुकानात झेरॉक्सला थांबलेला एक म्हातारा फिस्सकन हसला. मी तिथेच स्टुलावर बसून दुसरं पत्र लिहिलं. मी तिला खोली ठरवून देण्याचं कबूल केलं होतं. मी फोन केला नाही. तिचे दोन फोन मी कापले. खोली नसल्यामुळे ती उशिरा पोचली. स्वतःची चूक झाकण्यासाठी मी तिच्या नावावर खोटा शेरा लिहिला. निष्काळजीपणा माझा होता. सही, तारीख. अक्षर जरा वाकडं आलं, बरं झालं.

ते आणि त्याची झेरॉक्स प्रत घेऊन केंद्रात गेलो. आताच्या केंद्रप्रमुखांनी, म्हणजे खुर्चीच्या कडेवर बसणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने, दार लावून घेतलं. सर, फाईल बंद झालेली आहे. सर, तुमचं नाव आहे गावात. इंग्रजीचे सर म्हटलं की लोक तुमच्याकडे बोट दाखवतात. सर, कायले उकरता आता? मी तोंडी सांगतो समितीला, पोरगी चांगली आहे म्हणून. कागद कशाला?

मी म्हणालो, तिच्याविरुद्ध कागद होता, तिच्या बाजूने तोंडी का?

"सर, हे तुम्हाले कोनी शिकवून पाठवलं काय?"

"हो," मी म्हणालो. "तिनं. पहिलं पत्र तिनं नापास केलं. हे दुसरं आहे."

त्यांनी पत्र ठेवून जायला सांगितलं. मी सरकारी शाळेत आयुष्य काढलं आहे. ठेवून गेलेला कागद कुठे जातो हे मला ठाऊक आहे. मी आवक क्रमांक मागितला. आवक-जावकचा बाबू जेवायला गेला होता. मी बाहेरच्या बाकावर बसलो. बाबू आला, म्हणाला साहेबांना विचारतो, आणि आत जाऊन बाहेर आलाच नाही. मी बसलो. चहा आला, घेतला नाही. माझ्याच हाताखालून गेलेले दोन शिक्षक येऊन समजावून गेले की या वयात असं शोभत नाही. मी म्हटलं, या वयाआधी जे केलं तेच शोभलं नव्हतं, हे त्यामानाने बरं आहे. एकाने विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" माणूस खरं बोलायला लागला की आधी त्याची तब्येत विचारतात.

कार्यालय बंद व्हायच्या सुमाराला बाबू आला आणि दोन्ही प्रतींवर शिक्का मारला. क्रमांक टाकला. एक प्रत आत गेली, एक मी दुकानात नेऊन दिली. तिने शिक्का बघितला, क्रमांक बोटाने वाचला, प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून आपल्या प्रमाणपत्रांच्या फाईलमध्ये ठेवली. "आता चालते," एवढंच म्हणाली.

छाननीत तिचं नाव राहिलं. वर्ग घेऊन दाखवायला बोलावलं. समितीत मी नव्हतो, असूही नये. पण काय झालं ते आवक-जावकच्या बाबूनेच मला भाजीबाजारात गाठून सांगितलं, आता तो माझ्याशी बराच मोकळा झाला आहे. तिला विषय दिला होता तोच, हॉटेलात खोली बुक करणं. तिने काउंटर मांडलं, आणि सगळ्या वर्गाला, वीसच्या वीस जणांना, दाराबाहेर रांगेत उभं केलं. एकेकाने आत यायचं, घंटी वाजवायची, आपल्याला कशी खोली हवी ते सांगायचं. आजचा दिवस सगळेच पाहुणे. मागच्या बाकावर बसलेले केंद्रप्रमुख म्हणाले, मॅडम, पण आपल्याला तर रिसेप्शनिस्ट तयार करायचे आहेत. तिने सांगितलं, होतील ना सर, पहिले मागून घ्याले शिकू द्या. मग काउंटरमागे कोणीच नाही म्हणून तिने केंद्रप्रमुखांनाच उठवलं. ते उभे राहिले. एका तांड्यावरच्या मुलीने त्यांना एसी खोलीत गार पाणी येतं का विचारलं, तेव्हा त्यांना पुढचं वाक्य आठवेना. बाबू हे सांगताना हसत होता. मी हसलो नाही.

जागा तिला मिळाली की नाही ते हे लिहीपर्यंत कळलेलं नाही. आणखी दोघं उमेदवार आहेत. मिळाली नाही तर ते दुसऱ्या कारणाने असेल. माझ्या खोट्या वाक्याने मिळाली नाही असं आता होणार नाही.

राहता राहिली स्मरणिका. या लेखाचा पहिला खर्डा वाचून केंद्रप्रमुखांनी निरोप पाठवला आहे की शेऱ्याचा भाग गाळला तर बाकीचं फार छान आहे, विशेषतः कपाटाच्या किल्लीचं. मी उलट निरोप धाडला. छापायचं तर अख्खं छापा. नसेल जमत तर पान कोरं सोडा आणि वर माझं नाव टाका. खाली पत्राचा आवक क्रमांक तेवढा छापा, ज्याला वाचायचं असेल तो कार्यालयात येऊन पत्र मागेल.

कपाटाची किल्ली मी बिल्ल्यासकट दुकानात नेऊन तिला दिली आहे. घरचं कपाट तेव्हापासून उघडंच असतं. बायको कुरकुर करते. करू दे.